आहेबाईंचा डावा डोळा

कचेरीत सगळे त्यांना तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘आहेबाई’. हे टोपणनाव त्यांच्या कानावर केव्हाच गेलं होतं. मनातून ते आवडतही होतं, पण तसं कबूल केलं असतं तर त्या आहेबाई कसल्या!

नाव पडलं कामावरून. लष्कराचे उपग्रह खूप उंचावरून फिरत असतात, शेजारच्या देशावरून जाताना खाली डोकावतात आणि फोटो काढतात. रणगाडे हलले का, नवी धावपट्टी झाली का, डोंगरात कुणी बोगदा खणतंय का, हे सगळं त्या फोटोंतून कळतं अशी आपली समजूत असते. फोटोतून काडीचं कळत नाही. फोटोत करडे, काळे आणि पांढरे ठिपके असतात. हा ठिपका रणगाडा आणि तो ठिपका गवताची गंजी, हे सांगायला माणूस लागतो, आणि अशा माणसाला त्या कचेरीत ‘वाचक’ म्हणत. बाई एकतीस वर्षं वाचक होत्या.

वाचकाला अहवालात तीनच शब्द वापरायची मुभा होती. ‘दिसते’, ‘असावे’ आणि ‘आहे’. नजरेला काही खटकलं की ‘दिसते’. सावली, आकार, आजूबाजूच्या खुणा एकमेकींशी जुळल्या की ‘असावे’. ‘आहे’ मात्र जोडभिंगातून पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, असा नियम होता. जोडभिंग म्हणजे चार पायांच्या घोडीवर बसवलेली दोन भिंगं. एकाच जागेचे दोन बाजूंनी काढलेले फोटो त्याखाली शेजारी शेजारी ठेवायचे, डाव्या डोळ्याने डावा पाहायचा, उजव्याने उजवा. जमलं तर दोन्ही फोटो एकमेकांत मिसळतात आणि सपाट कागदातून घरं, झाडं, टेकड्या एकदम वर उठतात. पहिल्यांदा पाहणारा हमखास डोकं मागे घेतो, कारण कुणाचं तरी छप्पर आता आपल्या नाकाला लागणार असं त्याला वाटतं.

नियम चांगला होता. ‘असावे’चे कागद वर जात आणि तिथे त्यांच्यावर चर्चा होई. ‘आहे’चा कागद गेला की चर्चा होत नसे, विमानं जात. म्हणून तो शब्द लिहिताना बहुतेकांचे हात आखडत. बाई मात्र दहा मिनिटं जोडभिंगावर मान घालत, डोकं वर काढत आणि लिहून मोकळ्या होत. त्यांचं ‘आहे’ तीस वर्षांत कधी खोटं पडलं नव्हतं. पुढे कचेरीत संगणक आले, जोडभिंग कोपऱ्यात गेलं आणि नवी मंडळी पडद्यावर बघून ‘असावे’ लिहू लागली. अडलं की सगळे कोपऱ्यातल्या बाईंकडेच येत.

घरी मात्र या सवयीने नवरा मेटाकुटीला यायचा. त्याचं कुलपांच्या दुरुस्तीचं दुकान होतं, बाजाराच्या तोंडाशी, एक माणूस आत शिरला की दुसऱ्याला बाहेर थांबावं लागेल एवढं. ‘शहरातलं कुठलंही कुलूप आणा, उघडून देतो,’ असं तो गिऱ्हाइकांना सांगे, ‘फक्त आमच्या घरातल्या कुलपाची किल्ली मला अजून सापडली नाही.’ बायको ‘नकाशाच्या कचेरीत’ जाते, एवढंच त्याला अधिकृतपणे माहीत होतं. बाकीचं त्याला कळत असणार, पण त्याने कधी विचारलं नाही.

‘भाजीत मीठ कमी आहे का गं?’ तो जेवताना विचारी.

‘असावं.’

‘असावं काय? तूच घातलंस ना?’

‘घातलं. पण अजून चाखलेलं नाही.’

यावर तो कपाळाला हात लावी आणि स्वतःच मिठाचा डबा घेऊन येई.

निवृत्तीला नऊ महिने उरले असताना एका सकाळी बाईंनी दोन फोटो जोडभिंगाखाली ठेवले आणि ते मिसळेनात. त्यांनी भिंगं पुसली. दिवा बदलला. छपाई करणाऱ्याला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या. मग उजवा डोळा मिटून नुसत्या डाव्याने पाहिलं, तर विमानतळ जिथे असायला हवा तिथे मधोमध एक करडा डाग होता. कडेची झाडं दिसत होती. डागाच्या जागी काहीच नव्हतं.

कचेरीचा डॉक्टर सोडून त्या शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे गेल्या, तिथेच खरं तर आपल्याला सगळं कळायला हवं. डॉक्टर म्हणाला, ‘मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हे मागच्या पडद्याचं दुखणं आहे. गेलं ते परत यायचं नाही. उजवा मात्र उत्तम आहे तुमचा.’

एका उत्तम डोळ्यावर माणसाचं सगळं चालतं. पेपर वाचता येतो, रस्ता ओलांडता येतो, सुईत दोरा चौथ्या खेपेला का होईना, जातो. फक्त खोली कळत नाही, आणि बाईंची सगळी नोकरी त्या खोलीवर उभी होती.

त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. भीती पगाराची नव्हती, निवृत्तिवेतन ठरलेलं होतं. भीती अशी होती की ‘आहे’ लिहिता येत नसेल तर आपण कोण? असावेबाई? नऊ महिने तर काढायचेत, निघतील, असं त्यांनी स्वतःला समजावलं. आणि मग त्यांनी ते केलं, जे दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याला त्यांनी उभं चिरलं असतं. त्या जोडभिंगावर मान घालून दहा मिनिटं बसत, एका डोळ्याने सपाट फोटो बघत, सावल्यांवरून अंदाज बांधत आणि डोकं वर काढून ‘आहे’ लिहीत. पहिल्या वेळी हात थरथरला. चौथ्या वेळी थरथरला नाही. मला विचाराल तर यातलं खरं वाईट ते चौथ्या वेळचं.

घरी त्या पेल्यात पाणी ओतत आणि धार पेल्याच्या बाजूने टेबलावर पडे. दोनचारदा असं झालं, मग नवराच जेवायच्या आधी पेले भरून ठेवू लागला. म्हातारपणी यांना बायकोची दया यायला लागली, असं बाईंना वाटलं. उपग्रहाच्या फोटोत तंबूची दोरी ओळखणारी ही बाई, पण घरात काय चाललंय ते तिला दिसलं नाही.

असे आठ महिने गेले. निवृत्तीला तीन आठवडे उरले, आणि तो दिवस उगवला.

सकाळी नऊला फोटो आले. सीमेपलीकडे, सीमेला अगदी लागून, एका मोठ्या पत्र्याच्या शेडच्या शेजारी सात लांबट आकार उगवले होते. पंधरा दिवसांपूर्वीच्या फोटोत तिथे मोकळं रान होतं. एकेक आकार वीस पावलं लांब, पाच पावलं रुंद. त्या दिवसांत दोन्ही देशांची डोकी तापलेली होती आणि पलीकडच्यांनी क्षेपणास्त्रांच्या गाड्या कुठेतरी पुढे आणल्यात, अशी बातमी होती. संगणकवाला, म्हणजे पडद्यावर फोटो वाचणारा हुशार, घाईचा, चाळिशीतला माणूस, त्याने तासाभरात लिहून टाकलं: ‘सात उंचवटे. मातीखाली क्षेपणास्त्रांच्या गाड्या असाव्यात.’

साहेब बाईंच्या टेबलाशी आले. हे साहेब तेविसाव्या वर्षी या कचेरीत शिकाऊ म्हणून आले होते, जोडभिंगातून पंधरा दिवस त्यांना काही म्हणजे काही दिसलं नव्हतं आणि बाईंनी त्यांना ‘अरे गाढवा’पासून सुरुवात करून शिकवलं होतं. साहेब झाल्यावर बाई त्यांना अहोजाहो करू लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण खुर्चीचा मान असतो.

‘बाई, बाराला कागद वर गेला पाहिजे,’ साहेब म्हणाले. ‘नुसतं असावे असलं तरी आज विमानं पाठवतील, इतके सगळे इरेला पेटलेत. तुम्ही नीट बघा. काय आहे ते अकरापर्यंत सांगा.’ एवढं बोलून ते फोनवर गेले.

बाईंनी छापील फोटो घेतला आणि आधी तो उलटा फिरवला. वाचकाची ही पहिली सवय. फोटोतली सावली नेहमी आपल्याकडे पडेल असा कागद धरायचा. सावली आपल्यापासून दूर पडत असली तर डोळा फसतो, खड्डा टेकडीसारखा दिसतो आणि टेकडी खड्ड्यासारखी. पण वरच्या लोकांना नकाशाची सवय, त्यांना उत्तर दिशा वरच लागते, म्हणून संगणकाच्या पडद्यावरही सगळे फोटो उत्तर वर ठेवूनच उघडत. त्या मुलखात सावल्या उत्तरेला पडतात. म्हणजे पडद्यावर रोजच त्या बघणाऱ्यापासून दूर जात, आणि हे संगणकवाल्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

फोटो फिरवला आणि सातही उंचवटे बाईंच्या डोळ्यांपुढे आत बसले. खड्डे झाले.

त्यांनी संगणकवाल्याला हाक मारली. ‘जरा तुझ्या पडद्यावर फोटो फिरवून बघ.’

त्याने फिरवला. त्याचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. ‘असं धरलं तर खड्डे वाटतात, तसं धरलं तर उंचवटे. मग खरं काय मानायचं, बाई?’

‘सूर्य दक्षिणेला होता. आतली दक्षिणेची कड काळी आहे. काळी कड म्हणजे सावली.’

‘किंवा ओली माती. परवा तिथे पाऊस पडलाय, माती ताजी उकरलेली आहे. भर दुपारचा फोटो, सावली असून असून किती असणार? हातभर.’

तो चुकीचं बोलत नव्हता, तीच तर पंचाईत होती. बाई परत जागेवर आल्या. त्यांना वाटत होतं, खड्डे. वाटत होतं एवढंच. ती काळी कड ओल्या मातीची असू शकत होती.

त्या जोडभिंगाशी बसल्या, मान घातली. दोन फोटो, एक डाग. बाहेरून बघणाऱ्याला काहीही वेगळं वाटलं नसतं, आहेबाई काम करताहेत एवढंच. सुटका अगदी हाताशी होती. दहा मिनिटं बसायचं, ‘खड्डे आहेत’ लिहायचं, सही करायची. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता, विमानं गेली नसती, तीन आठवड्यांनी निरोपसमारंभात चार माणसं चांगलं बोलली असती.

पण खड्डे नसले तर? त्यांची धाकटी बहीण सीमेच्या अलीकडच्या गावात राहत होती, दोन नातवंडं सांभाळत होती. क्षेपणास्त्र उडाल्याबरोबर त्याची धग टिपून इशारा देणारा वेगळा उपग्रह असतो. लांबच्या शहरांना त्या इशाऱ्याने दहापंधरा मिनिटं मिळतात, तळघरात जायला तेवढी पुरतात. बहिणीचं गाव इतकं जवळ होतं की तिथे इशारा आणि क्षेपणास्त्र हातात हात घालूनच पोचणार. आणि उंचवटे नसले, तर त्या शेडमध्येही कुणीतरी असेलच. कुणाची तरी बहीणच असेल.

बाईंनी पेन्सिल उचलली, ‘आ’ लिहिला आणि पेन्सिल खाली ठेवली. त्या उठल्या आणि दार न ठोठावता साहेबांच्या खोलीत गेल्या.

‘साहेब, जोडभिंगावर तुम्हाला बसावं लागेल.’

‘मी?’ साहेबांनी फोन ठेवला. ‘बाई, बारा वर्षांत मी त्याला हात लावलेला नाही. तुम्ही असताना मी कशाला?’

‘मला दिसत नाही.’

‘डोळा दुखतोय का आज?’

‘आजचं नाही हे. आठ महिने झाले. डावा डोळा गेलाय माझा.’

‘आठ महिने? अहो, आठ महिन्यांत तुम्ही किती कागदांवर...’

‘एकेचाळीस. एकेचाळीस ठिकाणी आहे लिहिलंय. न बघता.’

‘बाई!’

‘त्याचं जे काही करायचं ते नंतर करा. शिव्या द्या, काढून टाका. आजचंही मी लिहून टाकलं असतं आणि तुम्ही डोळे मिटून पुढे पाठवलं असतंत. पण मला आज फक्त वाटतंय, दिसत नाहीये. आता ऊठ. चल. वेळ नाही.’

बारा वर्षांनी ‘तू’ तोंडून निघालं होतं. साहेब उठले.

दुसऱ्या वाचकाला आपण काय पाहिलं ते आधी सांगायचं नाही, हाही एक नियम, आणि बाईंनी तो दाताखाली जीभ धरून पाळला. त्यांनी साहेबांना स्टुलावर बसवलं, जोडभिंग त्यांच्या नाकाच्या उंचीला आणलं, फोटो लावले.

‘दोन दिसताहेत,’ साहेब म्हणाले.

‘आधी दोनच दिसणार. चष्मा काढ.’

‘चष्म्याशिवाय मला...’

‘काढ म्हणते ना! हां. आता डोळे ताणू नकोस. खिडकीतून लांब कुठेतरी बघत बसतोस ना कंटाळल्यावर, तसे सैल सोड.’

‘अजून दोनच.’

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. बाईंनी उजवा फोटो केसभर सरकवला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या खरोखर काम करत होत्या, दुसऱ्याच्या डोळ्यांनी का होईना. ‘श्वास घे,’ त्या म्हणाल्या. ‘शिकाऊ होतास तेव्हाही असाच श्वास कोंडून बसायचास आणि मग म्हणायचास, दिसत नाही.’

साहेबांनी श्वास सोडला. आणखी दोन मिनिटं गेली. संगणकवाला मागे येऊन उभा राहिला होता, त्याला बाईंनी हातानेच गप्प राहायला सांगितलं. मग एकाएकी साहेबांचं डोकं मागे आलं, नाकाला काही लागेल म्हणून दचकून यावं तसं. त्यांनी परत मान घातली आणि बराच वेळ वर केली नाही.

‘खड्डे,’ ते म्हणाले. ‘खड्डे आहेत. सात. काढलेली माती दोन्ही कडांना टाकलीय, ती जराशी वर येते. मधलं सगळं खाली जातंय. माणूस उभा बुडेल एवढं खोल. आणि रिकामे.’

‘दिसतात, की आहेत?’

‘आहेत, बाई. आहेत हो.’

संगणकवाल्याने खुर्ची सरकवली आणि बाई बसल्या. त्यांना रडू आलं आणि ते दोन्ही डोळ्यांतून आलं. त्या बाबतीत डाव्याची काही तक्रार नव्हती.

‘सात खड्डे आहेत. रिकामे,’ असा कागद साहेबांच्या सहीने बाराला पाच कमी असताना वर गेला आणि विमानं उडाली नाहीत. खड्डे कशाचे, ते दहा दिवसांनी स्वच्छ हवेतल्या पुढच्या फोटोत कळलं. शेड गुरांची होती. खड्ड्यांत हिरवा चारा कापून दाबून भरत होते, दुष्काळाच्या दिवसांत गुरांना घालायला. भरून झालेल्या दोन खड्ड्यांवर मातीचे चांगले फुगीर ढीग चढवले होते.

‘बाई, आता तरी उंचवटे म्हणू का?’ संगणकवाल्याने विचारलं.

‘आता म्हण,’ बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून तो पडद्यावरचा फोटो आधी फिरवायचा आणि मगच वाचायचा.

पण खड्ड्यांचा कागद वर गेला त्याच संध्याकाळी घरी गेल्यावर बाईंनी नवऱ्याला डोळ्याचं सांगितलं. कचेरीतलं काही सांगितलं नाही, ते सांगण्यासारखं नव्हतंच. तो कुठल्याशा कुलपाचा खटका तेलाने पुसत होता.

‘आठ महिने पाणी मी ओततोय,’ तो म्हणाला, ‘ते काय हौस म्हणून?’

‘मग बोलला का नाहीत?’

‘तू बोलशील म्हणून थांबलो होतो.’ आणि तो उठून पेले भरायला गेला.

आता उरले होते ते एकेचाळीस कागद. साहेबांनी वर कळवलं. वरून उत्तर आलं की बाईंनी यापुढे कशावरही सही करायची नाही आणि सगळे एकेचाळीस अहवाल पुन्हा वाचायचे. कचेरीत कुणी त्यांना टाकून बोललं नाही. चहा वेळेवर टेबलावर येत होता, लोक नमस्कार करत होते. फक्त कोपऱ्यात अडचण घेऊन कुणी येत नव्हतं. पाठीमागे आता आपल्याला काय म्हणतात, हे काही बाईंच्या कानावर आलं नाही.

रोज सकाळी नऊ ते अकरा साहेब जोडभिंगाशी बसत. बाई पाकिटातून फोटो काढत, लावत, सरकवत आणि स्वतःचा जुना अहवाल पालथा घालून ठेवत. साहेब बघून सांगत, मग कागद सुलटा करायचा. पहिला बरोबर निघाला. दहावा, पंधरावा, विसावाही. एका डोळ्याने आणि सावल्यांवर बाईंनी पूल, कोठारं, धावपट्ट्या बिनचूक वाचल्या होत्या. अठ्ठाविसावा बरोबर निघाला तेव्हा साहेब हसून म्हणाले, ‘बाई, तुम्हाला दुसरा डोळा हवाच कशाला?’ आणि बाईही हसल्या. त्यांच्या मनात आलं होतं की सुटलो आपण.

एकोणतिसाव्या पाकिटात एक डोंगरउतार होता. साहेबांनी बघितलं, मान वर केली, भिंगं पुसली, पुन्हा बघितलं.

‘इथे काय शोधायचंय? सपाट उतार आहे. मधे काळा खडक आहे मोठा.’

बाईंनी कागद सुलटा केला. सहा महिन्यांपूर्वीची तारीख, खाली त्यांचं अक्षर. ‘बोगद्याचे तोंड आहे.’

ती सकाळ त्यांना आठवत होती. काळं दिसलं, त्याला त्यांनी सावली मानलं. दहा मिनिटंसुद्धा बसल्या नव्हत्या त्या दिवशी.

‘हा वर गेला होता?’ त्यांनी विचारलं, जसं काही त्यांना माहीत नव्हतं.

‘गेला होता,’ साहेब म्हणाले.

‘त्या जागेचा नंतरचा फोटो बघायचाय मला.’

‘बाई, राहू द्या ना.’

‘बघायचाय.’

संगणकवाल्याने फोटो पडद्यावर आणला, न सांगता फिरवून दिला आणि खुर्ची सोडून बाहेर गेला. डोंगर तोच होता. काळ्या खडकाच्या जागी फिकट दगडांचा चुरा पसरला होता. आधीच्या फोटोत त्या खडकाखालून एक पायवाट सरळ गेली होती, बारीक पांढरी रेघ. नव्या फोटोत ती रेघ चुऱ्यापर्यंत येऊन संपत होती, आणि अलीकडून दुसरी एक रेघ खालून वळसा घेऊन पलीकडच्या वाटेला मिळत होती.

‘वाट वळवलीय,’ साहेब म्हणाले. ‘म्हणजे लोक चालताहेत. उजाड डोंगर आहे, बाई. त्या वेळी कुणी नसणार तिथे.’

बाईंनी उजवा डोळा पडद्याजवळ नेला आणि ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मारा झाल्यानंतर तीन आठवड्यांनी काढलेला फोटो होता. तीन आठवड्यांत माणसं जे उचलायचं ते उचलून नेतात.

‘माहीत नाही,’ त्या म्हणाल्या. एकतीस वर्षांत हे त्यांना कुठल्याच अहवालात लिहिता आलं नव्हतं, त्याला शब्दच ठेवलेला नव्हता.

दुरुस्तीच्या कागदावर कारणाचा एक रकाना होता. साहेबांनी पेन काढलं. ‘मी लिहितो. छायाचित्रातील दोष. असे दोष असतात, कुणी विचारणार नाही. दहा दिवसांनी तुम्ही घरी जाणार, उगाच कशाला नावाला लावून घेता?’ त्यांना बाईंसाठी मनापासून वाईट वाटत होतं, त्यांच्या आवाजातच ते होतं.

बाईंनी त्यांच्या हाताखालचा कागद ओढून घेतला. रकान्यात त्यांनी लिहिलं: ‘छायाचित्र स्वच्छ होते. चूक वाचकाची आहे.’ नेहमी त्या नावाची दोन अक्षरं टाकत. आज पूर्ण नाव लिहिलं, सही करायची नाही असा वरचा हुकूम असतानाही केली, आणि तारीख घातली. साहेबांनी कागद वाचला आणि पाकिटात घातला.

‘पुढचं पाकीट घ्या, साहेब,’ बाई म्हणाल्या. अजून बारा राहिली होती.